२१४ शब्दांची वही

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका ३८ वर्षांच्या आहेत. शालेय शिक्षण मराठी माध्यमात, पुढे रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी, आणि गेली १३ वर्षे एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी. अहवाल त्या इंग्रजीतच लिहितात आणि त्यांत सहसा चूक सापडत नाही. मागच्या वर्षी बढती मिळाली आणि मुंबईतल्या व परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर ऑनलाइन बैठकांत बोलण्याची वेळ येऊ लागली. आपले शब्द तोकडे पडतात असे वाटून त्यांनी शब्दसंग्रहाची दोन पुस्तके पाठ केली. एका बैठकीत बाटल्यांच्या लेबलावरची शाई पुसट होत असल्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी ‘ही परिस्थिती आम्ही अमेलिओरेट करू’ (म्हणजे सुधारू) असे सांगितले आणि पडद्यावरचे दोन चेहरे गालातल्या गालात हसले. ‘तुमचे इंग्रजी बरोबर असते, पण पुस्तकी वाटते,’ असे नंतर एकाने ऐकवलेही. एका परिचितांच्या सांगण्यावरून त्यांनी बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ वाचायला घेतले. तीन आठवड्यांत पहिला अंकही संपलेला नाही. वहीत मात्र २१४ शब्द मराठी अर्थांसह उतरले आहेत आणि त्यांतले निम्मे आठवत नाहीत. वहीच्या चार पानांची छायाचित्रे त्यांनी सोबत पाठवली आहेत. त्या विचारतात : शंभर वर्षांपूर्वीचे नाटक वाचून आजचे इंग्रजी सुधारेल का? आधी त्याचे मराठी रूपांतर ‘ती फुलराणी’ वाचले तर ती पळवाट ठरेल का? की पुन्हा शब्दयाद्यांकडे वळावे? ताजा कलम असा, की त्या संवाद मोठ्याने वाचू लागल्या की त्यांचे यजमान हसतात, त्याचे काय करावे?

तुमच्या परिचितांनी हे नाटक मुद्दाम निवडले की सहज हाताशी आले म्हणून सुचवले, हे मला ठाऊक नाही. पण तुमच्या बैठकीत जे घडले ते जवळजवळ तसेच या नाटकाच्या तिसऱ्या अंकात घडते, आणि पहिल्या अंकातच अडकून पडल्यामुळे तुम्ही तिथपर्यंत पोहोचलेला नाहीत. म्हणून उत्तराची सुरुवात तिसऱ्या अंकापासून करतो.

रस्त्यावर फुले विकणारी एलायझा आणि तिला बोलायला शिकवून डचेस (बड्या उमरावाची पत्नी) म्हणून उभी करण्याची पैज घेणारा ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स, ही जोडी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. काही महिने शिकवल्यावर हिगिन्स तिला आपल्या आईच्या घरी, पाहुण्यांच्या देखत, बोलायला बसवतो. हवामान आणि लोकांची तब्येत या दोनच विषयांवर बोलायचे, अशी ताकीद तिला दिलेली असते. यजमानीण सहज विचारते, ‘पाऊस येईल का हो?’ त्यावर एलायझा अत्यंत शुद्ध उच्चारांत सांगते, की या बेटांच्या पश्चिमेकडील कमी दाबाचा उथळ पट्टा पूर्वेच्या दिशेने हळूहळू सरकण्याची शक्यता असून वायुभारमापकाच्या स्थितीत फार मोठा बदल होण्याची चिन्हे नाहीत. या वाक्यात एकही शब्द चुकलेला नाही, व्याकरण चुकलेले नाही, उच्चारही चुकलेला नाही. फक्त चहाच्या टेबलावर कोणी वेधशाळेचे निवेदन वाचून दाखवत नाही, एवढेच.

‘अमेलिओरेट’चे असेच झाले. हा शब्द दुःख, दारिद्र्य, हालअपेष्टा, कामगारांची राहण्याची अवस्था अशा जड गोष्टींच्या सोबतीने वावरतो. पुसट शाईसाठी ‘फिक्स’ हा तीन रोमन अक्षरांचा शब्द पुरला असता. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस ‘गळतीचे निर्मूलन करतो’ म्हणाला तर आपणही हसू, आणि तरीही त्याचे मराठी कच्चे आहे असे म्हणणार नाही. तेव्हा ‘माझे शब्द तोकडे पडतात’ हे तुमचे निदान मला आधी तपासून पाहावेसे वाटते. त्या बैठकीत तुमच्याकडे शब्द होता. त्याचे घर तुम्हाला माहीत नव्हते, कारण ज्या पुस्तकातून तो आला तिथे त्याला घरच नव्हते, नुसता अनुक्रमांक होता. (हसलेले ते दोघे तुमच्यापेक्षा चांगले इंग्रजी जाणतात, हेही गृहीत धरू नका. त्यांना तो शब्द ओळखीचा नसल्यामुळेही ते हसले असतील.)

आता वहीकडे येतो. चार पाने मी सावकाश वाचली. ‘पोर्टिको’, ‘प्लिंथ’, ‘बिलियस’ हे शब्द त्यांत आहेत. देवळाच्या खांबाच्या पायथ्याला काय म्हणतात ते तुम्हाला आता कळले आहे आणि बहुधा आयुष्यात पुन्हा लागणार नाही. त्याखाली एक शब्द आहे, जो कोणत्याही कोशात सापडला नाही म्हणून तुम्ही त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आहे. त्याचा उच्चार साधारण ‘फ्लार्झन’ असा होईल. तो शब्दच नाही. ‘फ्लॉवर्स अँड’ हे दोन शब्द लंडनच्या गरीब वस्तीतल्या कॉकनी बोलीत जसे ऐकू येतात तसे शॉ यांनी लिहून काढले आहेत. गंमत पुढेच आहे : एलायझाच्या त्या मोठ्या वाक्यानंतर लगेच कंसात शॉ क्षमा मागून सांगतात, की ध्वनिलिपीवाचून तिची बोली लिहिण्याचा हा प्रयत्न लंडनबाहेर कोणाला समजणार नाही, म्हणून तो सोडून देणे भाग आहे. लेखकाने जिथे हात टेकले तिथे तुम्ही कोश घेऊन बसून राहिलात.

शॉ यांची आणखी एक खोड ठाऊक असावी, म्हणजे नसत्या शंका येणार नाहीत. ‘डोन्ट’, ‘वोन्ट’, ‘यूव्ह’ अशा शब्दांतला लोपचिन्हाचा स्वल्पविराम ते गाळतात आणि ‘शो’ हे क्रियापद जुन्या वळणाने ‘ओ’ऐवजी ‘ई’ घालून लिहितात. ही छपाईची चूक नव्हे आणि तुम्ही अहवालात अनुकरण करावे अशी गोष्टही नव्हे.

मग या नाटकातून घ्यायचे काय? दुसऱ्या अंकातला एक प्रसंग जरा जवळून पाहू. एलायझाचा बाप, कचरा वाहणारा डूलिटल, मुलगी हिगिन्सच्या घरी राहायला आली आहे हे कळताच पैसे उकळायला येतो आणि पाच पौंड मागतो. त्याचे भाषण ऐकून हिगिन्स इतका खूश होतो की दहा देऊ करतो. डूलिटल दहा घ्यायला नकार देतो. त्याचे म्हणणे असे, की दहा पौंड म्हणजे फार मोठी रक्कम झाली, ती हातात आली की माणसाला ‘प्रूडंट’ झाल्यासारखे वाटते, आणि मग सुखाला रामराम. पाच पौंड एका रात्रीत उडवता येतात. दहा आले की जपून ठेवावेसे वाटू लागते. ‘प्रूडंट’ म्हणजे दूरदर्शी, विवेकी, असे तुमच्या शब्दयादीत असेलच, आणि कदाचित ते तुम्ही विसरलाही असाल. पण पैशाला हात न लावता मागे सरकणारा तो बिलंदर एकदा डोळ्यांपुढे आला, की हा शब्द पैसे, सावधपणा, उद्याची तजवीज आणि थोडासा नीरसपणा यांच्या संगतीत राहतो हे कोणी सांगावे लागत नाही. तुमच्या खात्यात तर हा रोजचा शब्द आहे. एखादी खेप रोखून धरावी की सोडावी, असा पेच पडतो तेव्हा ‘रोखणे प्रूडंट ठरेल’ असेच लिहिले जाते. तिसऱ्या अंकात ‘प्रूडरी’ हा शब्द भेटेल. तो दिसतो याच्या भावासारखा, पण दोघांचे कूळ वेगळे. प्रूडरी म्हणजे फाजील सोवळेपणा. तो उच्चारणारी क्लारा नावाची तरुणी एलायझाच्या तोंडची शिवी ही नवी फॅशन समजून त्याच दमात स्वतःही देऊन टाकते. चुकीच्या ठिकाणाहून शब्द उचलणारी ती नाटकातली दुसरी विद्यार्थिनी. लंडनमध्ये एप्रिल १९१४ मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा एलायझाच्या त्या एका ‘ब्लडी’ने केवढी खळबळ उडवली होती, आज तोच शब्द इंग्रजी बोलणाऱ्या कित्येक घरांत भुवईसुद्धा उंचावत नाही. जुन्या नाटकातला कोणता शब्द आज कसा वाजतो, हे वेगळे तपासावे लागते ते याचसाठी.

दुसरी खाण रंगसूचनांची. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांना एकाच तराजूत तोलू नये. खोलीचे वर्णन करणाऱ्या लांबलचक सूचना बिनधास्त ओलांडा. हिगिन्सच्या प्रयोगशाळेत लॅरिंगोस्कोप आहे, नादकाटे आहेत, निरनिराळ्या नळ्या आहेत. ते सामान नेपथ्यकाराने गोळा करायचे, तुम्ही नव्हे. पात्राच्या नावापुढे कंसात येणाऱ्या छोट्या सूचना मात्र एकही सोडू नका. एलायझा दुसऱ्या अंकात हिगिन्सच्या घरी येते तेव्हा तो ‘ब्रस्कली’ बोलतो, म्हणजे तुसडेपणाने, तोडून. आणि त्याच कंसात पुढे म्हटले आहे की आपली निराशा न लपवता, लहान बाळासारखी, तो त्या गोष्टीची असह्य ‘ग्रीव्हन्स’ करतो. ग्रीव्हन्स तुम्हाला कार्यालयातून ठाऊक आहे : तक्रार निवारण समिती, अर्जाचा नमुना, पोचपावती. इथे मात्र तो बाळाचा रुसवा आहे, ‘मला हवी होती ती ही नाहीच’ असे म्हणून भोकाड पसरण्याआधीचा. एकाच शब्दाच्या या दोन जागा कळल्या की त्यावर तुमची मालकी आली. आवाज कसा होता, नजर कशी होती, हे सांगणारी विशेषणे आणि क्रियाविशेषणे मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांना सर्वांत उशिरा येतात, कारण पाठ्यपुस्तकात माणसे नुसतीच ‘म्हणत’ असतात.

तुमच्या चार पानांत एक प्रकारचे शब्द एकदाही आलेले नाहीत, आणि मला ती उणीव २१४ शब्दांपेक्षा मोठी वाटते. दोन साधे, ओळखीचे शब्द जवळ येऊन तिसराच अर्थ देतात, त्यांच्यावरून तुमची नजर घसरून गेली आहे, कारण दोन्ही शब्द सुटे सुटे ठाऊक असल्यामुळे कोश उघडावा असे वाटलेच नाही. हिगिन्सची सगळी पैज ‘पास ऑफ’ या जोडीवर उभी आहे. पास ठाऊक, ऑफ ठाऊक. पण ‘पास ऑफ’ म्हणजे खपवणे, जे नाही ते आहे म्हणून गळ्यात मारणे. फुलवालीला डचेस म्हणून खपवायचे. बनावट औषध अस्सल म्हणून खपवले जाते तेव्हाही हीच जोडी येते, आणि व्यापारचिन्हांच्या कायद्यात तर या दिवाणी गैरकृत्याला हेच नाव आहे. तुमच्या कामात ‘अमेलिओरेट’ वर्षातून एकदा लागेल, ‘पास ऑफ’ दर महिन्याला. ‘प्रगत शब्दसंग्रह’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लांब, लॅटिन वळणाचे शब्द उभे राहतात. इंग्रजी घरात वाढलेला माणूस मात्र बोलताना बव्हंशी अशा आखूड जोड्यांवरच निभावून नेतो, आणि तुमचे बोलणे ‘पुस्तकी’ वाटत असेल तर बहुधा त्यांच्या अभावाने.

आता वाचायचे कसे ते सांगतो. एक अंक एका बैठकीत, कोश बाजूला ठेवून, शेवटपर्यंत वाचा. अडले तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा आणि पुढे जा. न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी यांचा या विषयावर मोठा अभ्यास आहे. मजकुरातले शंभरापैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असले तर कोणाच्या मदतीवाचून वाचन नीट होते, असा त्यांचा निष्कर्ष. दुसऱ्या अंकातले संवादाचे एखादे पान घेऊन तुम्हीच मोजून पाहा. शंभरात दोन-चार शब्द अडत असतील तर हे नाटक तुमच्या पायरीचे आहे; दहा-बारा अडत असतील तर ते वर्षभर बाजूला ठेवावे, त्यात कमीपणा नाही. माझा अंदाज असा की संवाद तुम्हाला पेलतील आणि नेपथ्याच्या सूचना पेलणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी तोच अंक ऐका. शॉ १९५० मध्ये वारले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क मुक्त होतात, त्यामुळे संहिता विनामूल्य मिळते, स्वयंसेवकांनी वाचलेले ध्वनिमुद्रणही मिळते. एवढेच पाहा, की ध्वनिमुद्रण आणि पुस्तक एकाच पाठाचे आहे. १९३८ च्या चित्रपटानंतर शॉ यांनी काही प्रवेश वाढवले आणि ते नंतरच्या आवृत्त्यांत आहेत, आधीच्यांत नाहीत. ऐकल्यानंतर खुणा केलेल्यांपैकी फक्त सात शब्द किंवा जोड्या निवडा. अर्थ लिहू नका. कोण कोणाला म्हणाले, का म्हणाले, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केले, हे दोन ओळींत मराठीत लिहा. त्याखाली तोच शब्द घालून तुमच्या कचेरीतले एक वाक्य इंग्रजीत लिहा. वाक्य सुचत नसेल तर तो शब्द तूर्त तुमचा नाही, समजण्यापुरताच ठेवा. समजणारे शब्द आणि वापरायचे शब्द यांचे हिशेब वेगळे असतात. हिगिन्स एलायझाला ‘गटरस्नाइप’ (रस्त्यावरची गलिच्छ पोर) म्हणतो तो शब्द कळायलाच हवा, पण तुमच्या तोंडून तो कधी येऊ नये.

कोश शेवटी उघडा, आणि इंग्रजी-मराठी न उघडता ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडा. त्यात शब्दापुढे ‘औपचारिक’, ‘जुन्या वळणाचा’, ‘अपमानकारक’ अशा अर्थाची खूणचिठ्ठी असते. ‘अमेलिओरेट’पुढे ‘औपचारिक’ ही चिठ्ठी तुम्ही पाहिली असती तर हे पत्र मला आले नसते.

‘ती फुलराणी’ आधी वाचावी का? अवश्य वाचा, जमल्यास पाहा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. मात्र तिचा उपयोग किल्लीसारखा करू नका. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये रंगभूमीवर आणलेले ते रूपांतर आहे. ओळीशी ओळ लावून अर्थ काढायला बसाल तर फसाल. त्याचा फायदा निराळाच आहे. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांतल्या एका अक्षरावरून माणसाची जात, गाव, शाळा ठरवून मोकळा होणारा समाज आपण जन्मापासून पाहिलेला आहे. भक्ती बर्वे यांची मंजुळा, म्हणजे मराठीतली एलायझा, ज्यांनी पाहिली त्यांना एलायझाचा संताप कोणत्या जातीचा आहे हे इंग्रजी न येताही कळते. तो संताप मनात घेऊन मूळ नाटकाकडे गेलात की कथेचे ओझे उतरते आणि लक्ष शब्दांना देता येते.

शब्दयाद्यांवर मी तुटून पडणार नाही. एखादा शब्द प्रसंगातून भेटल्यावर तो दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा पाहिला की पक्का होतो, आणि त्या फेऱ्यांसाठी यादी चांगलीच. फक्त ती तुमची, प्रसंगांतून जमलेली असू द्या. जुन्या वहीचे काय करायचे, ते तुम्ही विचारलेले नाही. मी असतो तर मिटून कपाटात ठेवली असती. माझीही अशी एक वही होती, तिचे शेवटी घरात दुधाचा हिशेब लिहायला चीज झाले.

शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकाबद्दलची तुमची शंका निम्मी खरी आहे. कान घडवायला शॉ उत्तम, पण बैठकीत मतभेद कसा नोंदवावा हे तो शिकवणार नाही, कारण त्याची पात्रे एकमेकांना बोलूच देत नाहीत. त्यासाठी पुढचे नाटक म्हणून रेजिनाल्ड रोझ यांचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ घ्या. १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिलेली ही संहिता नंतर रंगमंचावर आली. ‘एक रुका हुआ फैसला’ या हिंदी चित्रपटामुळे कथा तुम्हाला ठाऊक असेल. एका खोलीत बारा माणसे पुराव्याची छाननी करतात आणि एक जण, आवाज न चढवता, शंका घेत राहतो. शब्द साधे, वाक्ये आखूड. गुणवत्ता विभागातल्या माणसाला याहून जवळचे नाटक मला सुचत नाही. शेक्सपिअरकडे मात्र या कामासाठी जाऊ नका. आनंदासाठी कधीही जा.

राहता राहिला ताजा कलम. तिसऱ्या अंकात, हवामानाचे निवेदन झाल्यानंतर, फ्रेडी नावाचा तरुण हसू दाबता दाबता बेजार होतो. ती भूमिका तुमच्या यजमानांना द्या. संवाद थोडे आहेत, हसणे भरपूर आहे, आणि तयारी त्यांची झालेलीच आहे. एलायझा त्याच्याकडे वळून विचारते, ‘स्निगर’ कसले करतोस? म्हणजे फिदीफिदी दाबून हसणे. तो म्हणतो, तुम्ही फारच छान बोलता. त्यावरचे तिचे वाक्य तुम्ही पाठ करा आणि वहीकडे न पाहता, सरळ त्यांच्याकडे बघून म्हणा : मी बरोबर बोलत होते, तर मग हसत कशाला होतास?